टीबी नसेल तर काय? छातीतल्या दुर्मिळ गाठींच्या निदानाचा आढावा

दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्ली शहरात १९५०च्या दशकात वेस्ट एंड नावाचं टीबीचं हॉस्पिटल होतं आणि डॉ. स्लेग्ज तिथले अधीक्षक होते. छातीत पाणी झालेले रुग्ण त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी येत. शहराच्या पूर्वेकडून आलेले टीबीच्या औषधांनी बरे होत. पश्चिमेकडून आलेल्यांना मात्र तीच औषधं, तितकेच दिवस देऊनही फरक पडत नसे. पश्चिमेला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९५६ साली जोहान्सबर्गमध्ये ख्रिस वॅग्नर या तरुण पॅथॉलॉजिस्टने एका खाण कामगाराचं शवविच्छेदन केलं. टीबीमुळे छातीत पाणी झालं, अशी त्याच्या आजाराची नोंद होती. प्रत्यक्षात फुप्फुसाभोवती चिकट, बुळबुळीत अशी मोठी गाठ निघाली. वॅग्नर, स्लेग्ज आणि छातीचे सर्जन पॉल मार्चंड यांनी १९६० मध्ये अशा ३३ रुग्णांचा अभ्यास छापला आणि ॲस्बेस्टॉस व फुप्फुसावरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा यांचं नातं जगासमोर आलं. त्या ३३ जणांतले बरेच कधी खाणीत उतरलेही नव्हते. खाणीच्या आसपास लहानपण गेलं होतं, एवढंच.

ही हकीकत नेहमी ॲस्बेस्टॉसची म्हणून सांगितली जाते. निदानाच्या बाजूने वाचली तर मला तिच्यात स्लेग्ज जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यांच्याकडे ना सीटी स्कॅन होता ना जनुकांची तपासणी. एकाच औषधावर असलेले रुग्ण सारखे का वागत नाहीत, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. छातीतल्या दुर्मिळ गाठींबद्दल त्यानंतर जे ज्ञान जमा झालं ते चाळताना एक गोष्ट सारखी समोर येते. निदान सूक्ष्मदर्शकाखाली चुकतं त्यापेक्षा जास्त वेळा ते त्याच्या बरंच आधी, ओळखीच्या आजाराचं नाव फाइलवर चढलं तिथेच अडकतं. तिथून सुटलंच, तर तपासायला पाठवलेला तुकडा अपुरा किंवा चुकीच्या बाटलीत असल्यामुळे अडकतं.

दुर्मिळ म्हणजे किती? युरोपात रूढ झालेली मर्यादा अशी: वर्षाला लाख लोकांत सहाहून कमी नवे रुग्ण. छातीतल्या कित्येक गाठी या रेषेच्याही फार खाली आहेत. थायमस ग्रंथीतला थायमोमा अमेरिकेतल्या नोंदींनुसार दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना होतो. अशी गाठ तालुक्याच्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात एकदा दिसेल, नाहीतर दिसणारही नाही. टीबी मात्र त्याला दर आठवड्याला दिसतो, कारण जगातल्या नव्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. वजन उतरलेला, संध्याकाळी कणकण येणारा, छातीच्या फोटोत सावली असलेला तरुण समोर बसला की आधी टीबी मनात येणं हा आळस नव्हे, साधा हिशेब आहे. हिशेब बहुतेकदा बरोबर येतो, आणि पंचाईत होते ती त्यामुळेच. दहा वेळा खरा ठरलेला अंदाज अकराव्या वेळी कुणी तपासून बघत नाही.

छातीतल्या पाण्याचंच घ्या. सुईने पाणी काढून लॅबमध्ये पाठवतात. रिपोर्ट येतो: प्रथिनं जास्त, लिम्फोसाइट जास्त, एडीए वाढलेलं. आपल्याकडे एवढ्यावर टीबीची औषधं सुरू होतात आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते योग्यच असतं. पण एडीए हे एक एन्झाइम आहे. लिम्फोमात ते वाढतं, छातीत पू झाला तरी वाढतं, मेसोथेलिओमातही कधीकधी वाढतं. पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणजे मेसोथेलिओमा नाही, असंही म्हणता येत नाही. त्या पेशी पाण्यात सहसा कमी सुटतात, आणि सुटल्या तरी फुप्फुसावरणाच्या चिडलेल्या, निरुपद्रवी पेशींसारख्याच दिसतात. थोरॅकोस्कोपीने आत बघून आवरणाचा भरघोस तुकडा काढला की मग नीट उत्तर मिळतं. ॲस्बेस्टॉसचा संबंध शोधायचा तर तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं. भारतात नव्या खाणपट्ट्यांना १९८६ पासून परवानगी नाही, तरी बाहेरून येणारं पांढरं ॲस्बेस्टॉस आणि त्यापासून बनणारे सिमेंटचे पत्रे चालूच आहेत. मुंबईच्या उपनगरांत ॲस्बेस्टॉस वापरणारे कारखाने होते. तिथून निवृत्त झालेल्या माणसाला आज धाप लागली तर ‘आधी कामाला कुठे होतात?’ हा प्रश्न ओपीडीच्या दोन मिनिटांत विचारला जाईलच, याची खात्री नाही.

औषधांना दाद न मिळणं ही खूण मोठी असली तरी सरळ नाही. टीबीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढे चार महिने कमी औषधं असा साधारण क्रम असतो. उपचार चालू असताना टीबीच्याच गाठी मध्येच फुगतात. प्रतिकारशक्ती सावरत असल्याची ती खूण असते. औषधांना न जुमानणारा टीबीही असतो. म्हणून महिन्याभरात गाठ मोठी झाली की लगेच ‘कॅन्सर’ म्हणणंही चूकच. चूक टाळता येते ती उपचार सुरू करण्याच्या क्षणी. जंतूचा पुरावा मिळालाय का? सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू सापडला, कल्चर वाढलं, तर प्रश्न मिटला. नुसत्या सावलीवर औषधं सुरू केली असतील, तर फाइलवर ‘टीबी’ लिहिण्याऐवजी ‘टीबी असावा’ असं लिहिलं तरी पुढच्या डॉक्टरचं काम सोपं होतं.

टीबीखेरीज बाकीची सोंगंही आहेतच. श्वासनलिकेत उगवणारी अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाची संथ गाठ वर्षानुवर्षं दमा म्हणून वावरते. मोठ्या माणसाची श्वासनलिका दीड-दोन सेंटिमीटर रुंद असते. ती आठेक मिलिमीटरपर्यंत आवळेस्तोवर चालताना दम लागत नाही आणि पाचेक मिलिमीटर उरेपर्यंत बसल्या जागी त्रास होत नाही. छातीचा साधा एक्सरे स्वच्छ दिसतो, घरघर ऐकू येते, पंप दिला जातो. फरक ओळखायच्या खुणा जुन्याच आहेत. दम्यात घरघर जास्त करून श्वास सोडताना असते, इथे श्वास घेतानाही येते आणि गळ्याशी स्टेथोस्कोप ठेवला तर तिथे सगळ्यात मोठी ऐकू येते. स्पायरोमेट्रीचा आलेख वर-खाली सपाट होतो. हा आलेख मशीन आपोआप छापतं. पण रिपोर्टातले आकडे वाचून कागद बाजूला ठेवायची सवय इतकी पक्की आहे की त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

ब्राँकसमधला कार्सिनॉइड पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया म्हणून भेटतो, आणि तो दरवेळी फुप्फुसाच्या त्याच भागात होतो. फुप्फुसाच्या धमनीच्या आतल्या अस्तरातून निघणारा सार्कोमा रक्ताच्या गुठळीसारखा दिसतो. मँडेलश्टाम यांनी १९२३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आजही रुग्णाला आधी रक्त पातळ करणारी औषधं मिळतात आणि गुठळी विरघळण्याऐवजी वाढते, तेव्हा शंका येते. तरुण बाईच्या फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठते, नळी टाकून ती काढतात, काही महिन्यांनी पुन्हा तेच. अशा वेळी लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिसचा विचार करायला हवा. त्यात रक्तातलं व्हीईजीएफ-डी मिलिलीटरला ८०० पिकोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल आणि सीटीत पातळ भिंतींचे ठरावीक फुगे असतील, तर बायोप्सीही करावी लागत नाही.

काही गाठी छातीबाहेरून हाक देतात. फुप्फुसावरणावरचा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर डोक्याएवढा होईपर्यंत गप्प बसतो आणि मग त्या माणसाला पहाटे घाम सुटून ग्लानी येते, साखर खाली आलेली असते. गाठ इन्शुलिनच्या भावंडासारखं आयजीएफ-२ हे संप्रेरक सोडते. अशी गाठ आणि उतरणारी साखर यांचं नातं डेगे आणि पॉटर या दोघांनी १९३० मध्ये स्वतंत्रपणे नोंदवलं. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर वारंवार उतरत असेल तर छातीचा एक एक्सरे काढून बघायला काय हरकत आहे?

थायमोमाचं असंच. ज्यांना थायमोमा असतो त्यांतल्या एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक जणांना मायस्थेनिया ग्रेव्हिस असतो: संध्याकाळकडे पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा थकतो. उलट बाजूने पाहिलं तर मायस्थेनियाच्या रुग्णांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत थायमोमा सापडतो. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३६ मध्ये नॅशव्हिलला मायस्थेनियाने जर्जर झालेल्या एका तरुणीच्या छातीतली थायमसची गाठ काढली. ती सुधारली, आणि थायमस व स्नायूंचा थकवा यांचा संबंध शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिल्यांदा इतका ठळक दिसला. आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे पापणी घेऊन गेलेला रुग्ण छातीच्या सीटीपर्यंत पोचतो त्यामागे हा इतिहास आहे. थायमोमासोबत रक्तातल्या तांबड्या पेशी बनायच्या थांबू शकतात, किंवा प्रतिपिंडं घटून वारंवार जंतुसंसर्ग होऊ शकतो. अशा रुग्णाचा पहिला डॉक्टर रक्तविकारांचा असतो आणि त्याने छातीकडे बघावं अशी अपेक्षा असते.

सावली दिसली की पुढचा प्रश्न जागेचा. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेला डॉक्टर मीडियास्टिनम म्हणतात. थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ मध्ये सीटीवरून तिचे तीन भाग ठरवले: मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पुढचा, हृदय-श्वासनलिका-अन्ननलिका असलेला मधला, आणि मणक्यांलगतचा मागचा. पुढे थायमोमा, जननपेशींच्या गाठी, लिम्फोमा आणि गळ्यातून खाली उतरलेला थायरॉइड. मध्ये लसीका गाठी आणि जन्मजात पाणगाठी. मागे नसांच्या गाठी. त्याला वयाची जोड दिली की यादी झपाट्याने आखूडते. मागच्या भागात मोठ्यांमध्ये बहुधा निरुपद्रवी श्वॅनोमा, तर दोन वर्षांच्या मुलात न्यूरोब्लास्टोमाची भीती. पुढच्या भागात पन्नाशीच्या माणसात थायमोमा. विशी-पंचविशीच्या मुलीत लिम्फोमा. त्याच वयाच्या मुलात लिम्फोमा किंवा जननपेशींची गाठ. सीटी नव्हता तेव्हा हा भेद छातीच्या बाजूने काढलेल्या एक्सरेवर करत. तो एक्सरे आता कुणी मागत नाही. खर्च थोडा, रेडिएशन थोडं, आणि जिल्ह्याच्या गावी सीटीची वाट बघावी लागते तिथे तो अजून उपयोगी आहे. तरी जुनाट म्हणून गेला.

सीटी बरंच सांगतो. गाठीत चरबी, पाणी आणि कॅल्शियमचा दातासारखा कण एकत्र दिसला तर ती टेराटोमा. टेराटोमात स्वादुपिंडाच्या पेशीही असू शकतात. त्यांच्या पाचक रसांनी ती फुटून श्वासनलिकेत उघडते आणि क्वचित रुग्णाच्या खोकल्यातून चक्क केस पडतात. तसं झालं तर निदान रुग्णच घेऊन येतो. सीटी फसवतोही. घट्ट द्रव भरलेली साधी पाणगाठ त्यात भरीव दिसते, एमआरआयमध्ये मात्र पाणी हे पाणीच दिसतं. केमोथेरपी संपल्यावर तरुण रुग्णाचा थायमस काही महिने पुन्हा फुगतो आणि पेट स्कॅनवर चमकतो. आजार उलटला या भीतीने छाती उघडण्याआधी एमआरआय करावा, कारण निरोगी थायमसमध्ये चरबी मिसळलेली असते आणि ती त्यात ओळखू येते. पेटबद्दल आपल्याकडे विशेष सांगायला हवं. टीबीच्या गाठीही पेटवर कर्करोगाइतक्याच उजळतात. ‘पेटमध्ये लागलंय’ हे वाक्य भारतात निदान म्हणून वापरू नये. सुई घालण्याआधी आणखी दोन-तीन गोष्टी तपासायच्या असतात. ती फुगलेली महाधमनी तर नाही? कुत्र्यामेंढ्यांपासून होणारी हायडॅटिडची पाणगाठ तर नाही? तीत सुई टोचली तर आतला द्रव सांडून जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. मणक्याजवळची, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ पॅरागँग्लिओमा तर नाही? ती टोचली की रक्तदाब आकाशाला भिडतो.

रक्ताच्या तपासण्यांत सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त सांगणाऱ्या दोन: एएफपी आणि बीटा-एचसीजी. तरुण मुलाच्या छातीच्या पुढच्या भागात मोठी गाठ असेल तर बायोप्सीची तारीख ठरवण्याआधी या दोन्ही पाठवायच्या. एएफपी भरमसाट वाढलेलं असेल तर ती सेमिनोमाखेरीजची जननपेशींची गाठ. रुग्ण गुदमरत असेल तर तुकड्याची वाट न बघता उपचार सुरू करता येतात. या गाठींना सिस्प्लॅटिनवर आधारलेली केमोथेरपी लागू पडते, आणि ती इंडियानाच्या लॅरी आइनहॉर्न यांनी १९७०च्या दशकात उभी केली. छातीतला शुद्ध सेमिनोमा बहुतेकांचा बरा होतो. दुसऱ्या प्रकारात जवळपास निम्मे वाचतात. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या मुलांत ही गाठ जास्त दिसते, हेही ध्यानात ठेवावं. ज्या गाठीवर इतकं परिणामकारक औषध आहे तिला टीबी समजून महिने घालवणं सगळ्यात जिव्हारी लागतं. मायस्थेनियाची लक्षणं नसली तरी थायमोमाची शंका असेल तर ॲसिटिलकोलिन रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं शस्त्रक्रियेआधी बघायची. नाहीतर भूल दिल्यानंतर श्वासाचे स्नायू वेळेवर जागे होत नाहीत.

आता तुकडा. इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी लढाई इथेच हरली किंवा जिंकली जाते.

आधी रुग्णाला बघावं. छातीच्या पुढच्या भागात मोठी गाठ असलेला मुलगा खाटेवर उशा लावून, पुढे वाकून बसलेला असतो. चेहरा सुजलेला, मानेवरच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्याला विचारलं तर सांगतो, ‘झोपलं की जीव घाबरतो.’ या मुलाला पूर्ण भूल देऊन आडवं केलं तर स्नायू सैल पडून गाठ श्वासनलिकेवर बसते, आणि मग नळी घालूनही हवा जात नाही. अनुभवी भूलतज्ज्ञ म्हणूनच अशा वेळी बसल्या अवस्थेत, जागा बधिर करून सुईने तुकडा घ्यायला सांगतात. मानेत किंवा काखेत एखादी गाठ हाताला लागते का हे त्याआधी चाचपून बघायचं. ती मिळाली तर छातीत शिरायचं कारणच उरत नाही.

बारीक सुईने पेशी शोषून घेणारी एफएनएसी आपल्याकडे स्वस्त आणि सोयीची म्हणून पहिली होते. टीबीच्या गाठीसाठी ती चांगली आहे. मीडियास्टिनमच्या दुर्मिळ गाठींत ती बहुतेकदा अपुरी पडते, कारण इथे पेशींइतकीच त्यांची मांडणी महत्त्वाची असते आणि एफएनएसीत मांडणी मोडते. जाड सुईचे अखंड तुकडे म्हणजे कोअर बायोप्सी, किंवा दुर्बिणीने घेतलेला मोठा तुकडा लागतो. कार्लेन्स यांनी १९५९ मध्ये मानेच्या खाचेतून मीडियास्टिनोस्कोपी सुरू केली, तीही याच गरजेपोटी. आता ब्राँकोस्कोपच्या टोकाला अल्ट्रासाउंड लावून ईबसने मधल्या भागातल्या लसीका गाठींतून छाती न कापता नमुना मिळतो. टीबी, सार्कॉइड आणि फुप्फुसाचा कर्करोग पसरला आहे का, यासाठी तो उत्तम. पहिल्या भेटीतल्या लिम्फोमासाठी मात्र त्याच्यावर एकट्यावर विसंबणं मला धाडसाचं वाटतं.

लिम्फोमा आणि टीबी यांची गुंतागुंत तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. हॉजकिन लिम्फोमात कर्करोगाच्या पेशी थोड्या आणि भोवतीची गर्दी जास्त. त्या गर्दीत टीबीत दिसतात तसे ग्रॅन्युलोमाही असू शकतात. सेमिनोमातही ते असतात. सुई नेमकी त्या भागात गेली तर रिपोर्ट येतो: ‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन, टीबीशी सुसंगत’. रिपोर्ट खोटा नसतो, अर्धा असतो. त्यात गाठीच्या दाबाने धाप लागली म्हणून कुणी स्टेरॉइड दिलं की लिम्फोमा आठवड्यात विरघळतो, रुग्णाला बरं वाटतं, घरचे म्हणतात टीबीच होता. काही महिन्यांनी तो परत येतो, आणि या वेळी तुकड्यात मेलेल्या पेशींखेरीज काही सापडत नाही. तुकडा हातात येईपर्यंत शक्यतो स्टेरॉइड नाही, हा नियम वॉर्डातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ हवा.

थायमोमा याच्या उलट दिशेने फसवतो. त्याच्या अनेक प्रकारांत थायमसमधल्या अर्धवट वाढलेल्या टी पेशी दाटीने असतात आणि त्यांच्यावर टीडीटी ही खूण असते. हीच खूण टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा या भयंकर वेगवान आजारातही असते. लहानशा तुकड्यात थायमसच्या मूळ पेशींची जाळी दिसली नाही, तर साध्या थायमोमावर जहाल केमोथेरपी सुरू होण्याचा धोका खरा आहे. म्हणून केराटिनचा डाग, म्हणजे ते प्रथिन दाखवणारा विशेष रंग, लावल्याशिवाय हे निदान पुढे जाऊ देऊ नये. आणि ही तुकड्याची सगळी महती सांगून झाल्यावर त्याचा अपवाद: वय, जागा आणि सीटी पाहून थायमोमाच वाटत असेल आणि गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल, तर बायोप्सी न करता थेट शस्त्रक्रिया करतात. गाठीचं आवरण फोडून पेशी सांडायची जोखीम कशाला घ्या?

तुकडा निघाला की तो बाटलीत पडतो. लहान गावातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये ती बाटली बहुधा एकच असते आणि तिच्यात फॉर्मेलिन असतं. सगळे तुकडे तिच्यात. फॉर्मेलिन पेशींचा आकार टिकवतं आणि जंतू मारतं. मग टीबीचं कल्चर वाढवायचं कशातून? लिम्फोमासाठी फ्लो सायटोमेट्री करायची तर पेशी जिवंत हव्यात. म्हणून एक तुकडा सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅटसाठी, गरज वाटली तर एक फ्लोसाठी, बाकीचे भरपूर फॉर्मेलिनमध्ये, आणि बाटल्यांवर नाव व जागा. यात पैसे लागत नाहीत. पुढे लॅबमध्ये तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्यातून तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात. प्रत्येक विशेष डागाला एक काप. शंका येईल तसे दहा-पंधरा डाग लावत गेलं की धाग्याएवढा तुकडा ब्लॉकमधून संपून जातो आणि जनुकांच्या तपासणीला काही उरत नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट आधी वय, जागा आणि एएफपी विचारतो, मग मोजके डाग निवडतो. ते विचारायला त्याच्याकडे जो फॉर्म येतो त्यावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘? मॅस’.

सूक्ष्मदर्शकाखालच्या चुका नसतात असं नाही. चिमट्यात चिरडलेला कार्सिनॉइड स्मॉल सेल कर्करोगासारखा दिसतो आणि दोन्हींच्या उपचारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या कार्सिनॉइडमध्ये दोन चौरस मिलिमीटरमध्ये दोनहून कमी पेशी विभागताना दिसायला हव्यात आणि कुठे मेलेला भाग नको; चिरडलेल्या तुकड्यात ही मोजणी होत नाही, तिथे केआय-६७ हा डाग वाचवतो. लीबो आणि हबेल यांनी १९५६ मध्ये एका निरुपद्रवी गाठीला ‘स्क्लेरोझिंग हिमँजिओमा’ म्हटलं. ती रक्तवाहिन्यांची नसून फुप्फुसाच्या अस्तराचीच निघाली, म्हणून आता ती स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा. मध्यमवयीन बायकांत सापडणारी ही गाठ शस्त्रक्रियेच्या मध्यात केलेल्या घाईच्या तपासणीत अजूनही कर्करोग म्हणून वाचली जाऊ शकते, आणि गरज नसताना फुप्फुसाचा मोठा भाग जातो.

जनुकांच्या अभ्यासाने या प्रांताचा नकाशाच बदलला. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये दोन जनुकं जोडली गेलेली असतात हे २०१३ मध्ये कळलं आणि स्टॅट-६ या एका डागावर त्याचं निदान होऊ लागलं. मेसोथेलिओमात बॅप-१ हे प्रथिन पेशीतून नाहीसं झालेलं दिसलं की ‘चिडलेली पेशी की कर्करोग’ हा जुना वाद मिटतो. एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके टाकतो, एक्सरे बघणारा बऱ्या झालेल्या टीबीचे डाग किंवा पसरलेला कर्करोग म्हणतो. त्याचीही स्वतःची जनुकीय खूण २०११ मध्ये सापडली. तरुण, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांतल्या अत्यंत आक्रमक गाठींचा एक गट २०१५ मध्ये एसएमएआरसीए-४ हे जनुक गमावलेला म्हणून वेगळा काढला गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

नट कार्सिनोमाचं उदाहरण मला यांत सगळ्यात बोलकं वाटतं. शरीराच्या मध्यरेषेवर, बऱ्याचदा किशोरवयीन किंवा तरुण माणसांत, छातीत किंवा नाकामागे उगवणारी ही गाठ. बोस्टनच्या ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००३ मध्ये तिच्यामागचं जनुक शोधलं. २००९ मध्ये एका डागावर ती ओळखता येऊ लागली. तोवर तिचे रुग्ण ‘अविकसित कर्करोग’ या गाठोड्यात बांधले जात. निदानानंतरचं सरासरी आयुष्य सहा-सात महिने. मग नाव कळून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. उपयोग असा की धूम्रपान न करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाची औषधं देऊन त्या महिन्यांतले दोन-तीन वाया जात नाहीत, आणि कुठे चाचणी चालू असेल तर तिथे जाण्याइतकी ताकद त्याच्यात उरते.

मुलांबद्दल थोडक्यात. बाळाच्या फुप्फुसातला हवेचा फुगा जन्मजात दोष वाटतो, पण तो प्लुरोपल्मनरी ब्लास्टोमाचा पहिला टप्पा असू शकतो. त्यामागे डायसर-१ या जनुकातला आनुवंशिक बदल असतो हे २००९ मध्ये सिद्ध झालं, म्हणून अशा बाळाच्या भावंडांचीही चौकशी करायची. शाळकरी मुलाच्या छातीच्या भिंतीतली, बरगडी खाणारी गाठ पू समजून नळी टाकून काढायला जाऊ नये. ॲस्किन यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेली, युइंग कुळातली ती गाठ असू शकते.

इतक्या दुर्मिळ गोष्टी एका माणसाने ओळखाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. फ्रान्सने ती सोडून दिली: मेसोथेलिओमासाठी १९९८ पासून मेसोपाथ आणि थायमसच्या गाठींसाठी २०१२ पासून रिदमिक या देशव्यापी व्यवस्था आहेत, जिथे स्लाइड तज्ज्ञांच्या गटाकडे जातात आणि उपचार बैठकीत ठरतात. आपल्याकडे १९४१ पासून परळचं टाटा मेमोरियल हे काम देशासाठी अनौपचारिकपणे करत आलं आहे. २०१२ मध्ये त्याच्याच पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली आणि तिच्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. तरी माझ्या मते आपली अडचण तज्ज्ञ नसण्याची नाही. रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचतो, त्याच्यासोबत तुकडा पोचत नाही. नांदेडहून आलेल्या कुटुंबाच्या पिशवीत एक्सरे, सीटीच्या फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं नीट लावलेलं असतं. पॅथॉलॉजीचा मात्र फक्त छापील कागद. परळचा डॉक्टर ब्लॉक मागतो. मग कुणीतरी रात्रीच्या गाडीने परत जातो, नाहीतर दुसऱ्यांदा सुई टोचावी लागते.

ब्लॉक म्हणजे मेणाचा छोटासा चौकोन. खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो, कुरिअरने जातो, आणि त्या तुकड्यावर नवी तपासणी नंतर कधीही करता येते. नट कार्सिनोमाच्या सुरुवातीच्या अभ्यासांतले काही रुग्ण असेच जुन्या ब्लॉकवर नवा डाग लावून सापडले. लॅबकडे अर्ज केला की तो नातेवाइकांना मिळतो. हा अर्ज करता येतो, हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.